बॅज कोणाचा, शब्द कोणाचा: शाळेतले प्रीफेक्ट आणि पीअर मेंटॉर

पॉडकास्टच्या पत्रपेटीत इंग्लंडमधल्या एका श्रोतीचा प्रश्न आला. ती इयर १० मध्ये आहे. शाळेने दोन फॉर्म दिलेत, एक प्रीफेक्टचा आणि एक पीअर मेंटॉरचा, आणि वेळापत्रक असं आहे की दोन्ही जमणार नाही. आई म्हणते प्रीफेक्ट हो, युनिव्हर्सिटीच्या अर्जात चांगलं दिसतं. मैत्रीण म्हणते मेंटॉर हो, काम सोपं आहे, सातवीतल्या मुलांशी गप्पाच तर मारायच्या. मग खरा फरक काय?

प्रश्न साधा वाटतो, पण शाळांमध्ये मुलांची एकमेकांवर कशी छाप पडते यावर मी गेली काही वर्षं काम करते आहे, आणि माझ्या मते हा त्या विषयातला जवळजवळ मुख्य प्रश्न आहे. शाळा दोन्ही गोष्टी 'स्टुडंट लीडरशिप' या एकाच मथळ्याखाली टाकतात. वेबसाइटवर एकाच पानावर दोघांचे फोटो असतात. पण या दोन कामांचा उगम वेगळा आहे, आणि कोण कोणाला निवडतं यावर त्यांचं यश-अपयश बरंचसं ठरतं.

आधी उगम. त्यातला एक धागा थेट आपल्या उपखंडातून जातो.

१७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला एका अनाथालयाच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथली मुलं म्हणजे कंपनीच्या गोऱ्या सैनिकांची मुलं, बहुतेकांच्या आया भारतीय. शिक्षक थोडे होते, आणि जे होते त्यांना नवीन काही करायची हौस नव्हती. बेलने जवळच्या एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं आणि ती पद्धत आपल्याकडे आणायचं ठरवलं. शिक्षकांनी टाळाटाळ केली. तेव्हा त्याने वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. फ्रिस्किनला ते जमलं. मग हळूहळू शाळेचा बराच भाग मुलंच मुलांना शिकवून चालवू लागली. १७९७ मध्ये लंडनला बेलने या प्रयोगावर पुस्तिका छापली, आणि तिकडे ही पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली.

जवळपास त्याच सुमारास, १७९८ मध्ये, लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या तरुणाने अशीच शाळा काढली. एक शिक्षक, शेकडो मुलं, आणि मध्ये मॉनिटरांची उतरंड. लँकेस्टर मारकुटा नव्हता, छडीच्या विरोधातच होता, पण त्याच्या शिक्षा वाचल्या की छडी बरी वाटते. चुकलेल्या मुलाला टोपलीत घालून छताला टांगायचं, गळ्यात लाकडी ओंडका अडकवायचा, सगळ्यांसमोर लाज वाटेल असं काहीतरी करायचं. आणि अर्थात बिल्ले. चांगल्या मॉनिटरला बिल्ला. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात ज्या नव्या शाळा निघाल्या, त्यांत लँकेस्टरची ही पद्धत आणायचा प्रयत्न झाला. म्हणजे मोठ्या मुलाने लहानांना शिकवण्याची जी रीत काही अंशी इथल्या शाळेतून उचलली गेली होती, ती शिस्तीचा साज चढवून परत आली.

तुमचे आईबाबा महाराष्ट्रात मराठी शाळेत गेले असतील, तर त्यांना 'वर्गाचा मॉनिटर' काय असतो ते विचारून बघा. सर बाहेर गेले की फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावं' लिहिणारा तो मॉनिटर. नावापुढे फुल्या वाढत जायच्या. तो मॉनिटर आणि लंडनचा मॉनिटर एकाच कुळातले.

प्रीफेक्टचा दुसरा आजा म्हणजे थॉमस अर्नोल्ड. १८२८ ते १८४२ या काळात तो रग्बी स्कूलचा हेडमास्तर होता. तिथली वसतिगृहं मुलांच्या दादागिरीसाठी कुप्रसिद्ध होती. अर्नोल्डने दादागिरी थांबवली असं म्हणणं धाडसाचं ठरेल. त्याने तिला नेमणूकपत्र दिलं, असं म्हणा हवं तर. सिक्स्थ फॉर्मच्या मुलांना, ज्यांना तिथे प्रीपॉस्टर म्हणायचे, त्याने आपले हस्तक केलं. त्यांना लहानांना शिक्षा करायचा अधिकार होता आणि त्यांच्याकडून कामं करून घ्यायचाही. बदल्यात त्यांनी हेडमास्तरच्या नीतिनियमांची राखण करायची. पुढे साम्राज्यभरच्या शाळांनी हा नमुना उचलला. भारतातल्या बोर्डिंग स्कूलमध्ये प्रीफेक्ट आले ते याच वाटेने. मराठी शाळांनी थोडी वेगळी वाट काढली: तिथे निवडणूक होऊन 'शालेय मंत्रिमंडळ' बनतं, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री वगैरे. मतपेटीसुद्धा असते. पण शपथ घेतल्यावर स्वच्छतामंत्र्याचं काम काय, तर बाईंनी सांगितलं की खडू-डस्टर आणणं.

हे सगळं सांगायचं कारण असं की बेल, लँकेस्टर आणि अर्नोल्ड या तिघांकडे एकच अडचण होती: मोठी माणसं कमी, मुलं फार. प्रीफेक्ट हा त्या अडचणीवरचा उपाय आहे. तो मोठ्यांचा लांब केलेला हात आहे. यात वाईट काही नाही. जेवणाच्या रांगेत कोणीतरी उभं राहायलाच हवं, ओपन इव्हनिंगला पालकांना शाळा दाखवायला कोणीतरी हवंच. पण त्यामुळे त्याची निवडही मोठ्यांच्या नजरेने होते. अर्ज, मुलाखत, शिक्षकांचा अभिप्राय. जो शिक्षकांना दिसतो, नीट बोलतो, गृहपाठ वेळेवर देतो, त्याला बॅज मिळतो.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

२००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. प्रयोगाचं नाव 'असिस्ट'. इंग्लंडचा पश्चिम भाग आणि वेल्स इथल्या ५९ शाळा, इयर ८ ची म्हणजे १२-१३ वर्षांची दहा हजारांहून जास्त मुलं. प्रश्न होता सिगारेटचा. या वयात मुलं ओढायला लागतात, आणि शिक्षकांनी वर्गात कितीही काळी फुप्फुसं दाखवली तरी फार फरक पडत नाही. संशोधकांनी अर्ध्या शाळांमध्ये वेगळं काही केलं. सगळ्या मुलांना एक कागद दिला आणि विचारलं: तुमच्या वर्षात तुम्ही कोणाला मान देता? खेळात किंवा गटात पुढाकार कोण चांगला घेतं? तुम्हाला कोणासारखं व्हावंसं वाटतं? ज्यांची नावं सर्वांत जास्त आली त्या मुलांना बोलावलं, वर्षातल्या साधारण सहापैकी एकाला. शिक्षकांनी यादीतली नावं गाळायची नाहीत, ही अट. यादीत अर्थातच अशीही मुलं होती ज्यांना कोणत्याही शिक्षकाने प्रीफेक्ट केलं नसतं, आणि काही शिक्षक त्यावरून खट्टू झाले.

या मुलांना दोन दिवस शाळेबाहेर नेऊन प्रशिक्षण दिलं. मग दहा आठवडे त्यांनी करायचं काय? भाषण नाही, पोस्टर नाही, असेंब्लीत उभं राहणं नाही. बसमध्ये, जेवताना, घरी जाताना आपल्या ओळखीच्या मुलांशी सहज बोलता बोलता सिगारेटचा विषय काढायचा, आणि वहीत नोंद ठेवायची. बस. मधूनमधून प्रशिक्षक येऊन भेटत. मुलं खरं सांगतात का हे बघायला लाळेचे नमुनेही घेतले होते.

दोन वर्षांच्या काळात, ज्या शाळांमध्ये हे झालं तिथे आठवड्याला सिगारेट ओढणारा असण्याचे 'ऑड्स' इतर शाळांच्या मानाने साधारण २२ टक्क्यांनी कमी होते. ऑड्स म्हणजे ओढणारे आणि न ओढणारे यांचं गुणोत्तर, त्यामुळे 'सिगारेट २२ टक्क्यांनी कमी झाली' असं वाचू नका. परिणाम सुरुवातीला जास्त होता, दुसऱ्या वर्षाअखेर ओसरत गेला. तरीही, शाळेतल्या आरोग्याच्या कार्यक्रमांचे निकाल बघायची सवय असेल तर हा आकडा नजरेत भरतो. बहुतेक कार्यक्रमांच्या हाती यापेक्षा कमीच लागतं.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र आकड्यांत नाही. संशोधकांनी मुलांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा दिसलं की मुलांनी आपल्यापुरता एक शहाणपणा केला होता. जे आधीच सवयीचे झालेत, ज्यांचा ओढणाऱ्यांचा कंपू ठरलेला आहे, त्यांच्या वाटेला ती फारशी गेलीच नाहीत. जे काठावर होते, ज्यांच्याशी बोललं तर ऐकतील असं वाटलं, त्यांच्याशी ती बोलली. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. कोणाला काय सांगता येतं आणि कोणाला नाही, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. शिक्षकांकडे तो नसतो.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, न्यू जर्सीच्या ५६ मिडल स्कूलमधला. तुमच्यापैकी एडिसन किंवा आसपासच्या भागात वाढलेल्यांना हे वातावरण चांगलं ओळखीचं असेल. एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ या शालेय वर्षात हे केलं, आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथे विषय होता भांडणं आणि छळ. आधी सगळ्यांना विचारलं: गेल्या काही आठवड्यांत तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवायचं निवडलंत, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन? जास्तीत जास्त दहा नावं. त्यातून शाळेचं जाळं काढलं, कोण कोणाशी जोडलेलं आहे ते. मग निम्म्या शाळांमध्ये वीस-तीस मुलांचा छोटा गट निवडला, आणि तो चिठ्ठ्या टाकल्यासारखा, यादृच्छिक. त्यांनी आपल्या शाळेत कोणती भांडणं वारंवार होतात ते ओळखायचं आणि आपल्या पद्धतीने त्याविरुद्ध जाहीरपणे उभं राहायचं. पोस्टर, हॅशटॅग, आणि कोणी भांडण मिटवताना दिसलं तर त्याला नारिंगी रंगाचं मनगटी कडं.

वर्षभरात या शाळांमध्ये भांडणांबद्दलच्या शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. आणि गट चिठ्ठ्या टाकून निवडल्यामुळे एक तुलना करता आली जी एरवी करता येत नाही: काही शाळांच्या गटात योगायोगाने अशी मुलं जास्त आली ज्यांच्याशी खूप जण जोडलेले होते. तिथे परिणाम आणखी मोठा होता. ही मुलं नेहमीच 'पॉप्युलर' या अर्थाने लोकप्रिय असतात असं नाही, हे लक्षात घ्या. कोणाच्या वाढदिवसाला सगळे जातात हा एक प्रश्न झाला, आणि कोण काय करतं हे बघून बाकीचे आपलं वागणं ठरवतात, हा वेगळा.

तर श्रोतीच्या प्रश्नाकडे. प्रीफेक्टचा शब्द चालतो कारण त्यामागे शाळा उभी असते. मेंटॉरचा शब्द चालतो, चाललाच तर, कारण समोरच्या मुलाला तो ऐकावासा वाटतो. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी शाळेला विचारायचा पहिला प्रश्न: मेंटॉर कोण निवडतं? नुसते शिक्षक निवडत असतील, तर बहुधा प्रीफेक्टांचीच दुसरी तुकडी तयार होते आहे. आणि एक सूचना, जमलं तर द्या: लहान मुलांनाही विचारा म्हणावं, त्यांना कोणाशी बोलावंसं वाटतं.

मैत्रिणीचं म्हणणं, की काम सोपं आहे, ते मला मान्य नाही. एकास एक मेंटॉरिंग वरच्या दोन प्रयोगांपेक्षा नाजूक असतं. अमेरिकेत मायकल कार्चर यांनी हायस्कूलची मुलं लहानांची मेंटॉर असतात अशा कार्यक्रमांचा बरीच वर्षं अभ्यास केला. २००५ मध्ये त्यांनी दाखवलेली एक गोष्ट प्रत्येक मेंटॉरला पहिल्या दिवशी सांगायला हवी: मेंटॉर ठरल्या दिवशी कधी येतो, कधी येत नाही, असं झालं की लहान मुलाचा स्वतःबद्दलचा विश्वास घसरतो. वाट बघत बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचा अर्थ साधा असतो: मी इतका कंटाळवाणा आहे की हाही आला नाही. तुमची मॉक परीक्षा आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

शिकवण्याबद्दलही थोडं सांगते, कारण बरेच मेंटॉर प्रत्यक्षात गणित आणि वाचन घेतात. मुलांनी मुलांना शिकवण्याच्या ६५ अभ्यासांचा एकत्र आढावा १९८२ मध्ये घेतला गेला होता. त्यात शिकणाऱ्यांचा फायदा झाला, आणि शिकवणाऱ्यांचाही. बेलच्या फ्रिस्किनबद्दल हे वाचून आश्चर्य वाटायला नको. पण हे आपोआप होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये इयर ९ च्या मुलांनी इयर ७ च्या मुलांबरोबर जोडीने वाचायचा एक कार्यक्रम नीट तपासला गेला, २०१५ मध्ये अहवाल आला, आणि दोन्ही वर्गांच्या वाचनात नेहमीच्या तासांपेक्षा काही वेगळा फरक दिसला नाही. नुसती जोडी लावून चालत नाही. काय वाचायचं, अडलं तर काय करायचं, चूक कशी सांगायची, हे ठरलेलं लागतं.

आता जे सर्वांत अवघड आहे ते. कधीतरी तुमचा मेंटी म्हणेल, "एक सांगू? पण कोणाला सांगणार नाहीस ना?"

इथे 'नाही सांगणार' हे उत्तर द्यायचं नाही. कधीच नाही, आधीपासूनच नाही. पहिल्या भेटीतच स्पष्ट बोलायचं: बहुतेक गोष्टी आपल्यातच राहतील, पण तुला किंवा कोणाला धोका आहे असं वाटलं तर मी एका मोठ्या माणसाला सांगणार, आणि सांगण्याआधी तुला सांगणार. इंग्लंडमधल्या प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेली व्यक्ती असते, डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड. तिचं नाव आणि खोली तुम्हाला पाठ हवी. घरी मार बसतो, कोणी नको तसे फोटो मागतं, जेवण बंद केलंय, स्वतःला इजा केली, यातलं काहीही पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने डोक्यावर घेऊन घरी जायचं ओझं नाही. शाळा जर मेंटॉरना हे शिकवत नसेल, आठवड्यातून एकदा कोणी शिक्षक त्यांना भेटत नसेल, तर माझा स्पष्ट सल्ला: ते काम घेऊ नका. मग प्रीफेक्ट व्हा, खुशाल.

आपल्या लोकांसाठी यात एक जास्तीचा गुंता आहे. वर्षाच्या मध्येच पुण्याहून किंवा दुबईहून एखादा मुलगा शाळेत येतो, इंग्रजी बरं असतं पण उच्चार वेगळा, आणि शाळा चांगल्या हेतूने त्याची जोडी दुसऱ्या मराठी मुलाशी लावते. पहिल्या आठवड्यात हे वरदान आहे. लॉकर कसं उघडतं, 'डिटेन्शन' म्हणजे नेमकं किती वाईट, 'यू ऑलराइट?' याला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे मराठीत पटकन सांगता येतं. पण मग? दोघांच्या आया एकाच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. गणपतीत आरतीला शेजारी उभ्या असतात. त्या मुलाला वर्गात एकटं वाटतंय, किंवा त्याला कोणी त्याच्या डब्यावरून चिडवतंय, हे तो तुम्हाला सांगेल का, जेव्हा त्याला माहीत आहे की रविवारपर्यंत ते "अगं, तुझ्या आर्यनचं काय चाललंय?" या रूपात घरी पोचू शकतं? मला वाटतं भाषेचा सोबती आणि मनातलं सांगायचा सोबती ही दोन वेगळी मुलं असलेली बरी. आणि एकच असेल, तर 'मी हे माझ्या घरी सांगणार नाही' असं त्याला आवर्जून सांगा, आणि खरंच सांगू नका. आईला राग येईल. येऊ दे.

आईच्या मुद्द्याबद्दल, म्हणजे अर्जात कसं दिसतं. २००५ मध्ये पीटर कून आणि कॅथरीन वाइनबर्गर या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या अमेरिकन सर्वेक्षणांतून दाखवलं की हायस्कूलमध्ये टीमचे कॅप्टन किंवा क्लबचे अध्यक्ष असलेले पुरुष पुढे जास्त कमावत होते. किती जास्त, तर नमुना आणि मोजायची पद्धत बदलली की ४ ते ३३ टक्के. हा पट्टाच सांगतो की यावर आयुष्य ठरवू नये. ती माणसं पदामुळे जास्त कमावत होती, की ज्या गुणामुळे पद मिळालं त्यामुळे, हे पूर्ण सुटं करणं कठीण आहे. अमेरिकेतल्या कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकासमोर पदाचा रकाना. त्यात 'प्रीफेक्ट' पटकन बसतं. 'दर मंगळवारी पावसात जाऊन एका मुलाशी अर्धा तास बोलले' हे बसत नाही. पण मुलाखतीला बसलात की दुसऱ्यावर दहा मिनिटं बोलता येतं, पहिल्यावर दोन.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी प्रशिक्षणात बहुतेक राहून जाते: काम संपवायचं कसं. इंग्लंडमध्ये इयर ११ ची मुलं मे महिन्यात परीक्षांच्या अभ्यासासाठी शाळेतून जवळजवळ गायब होतात. मेंटीला मात्र एका मंगळवारी रिकामी खुर्ची दिसते. म्हणून ईस्टरच्या सुट्टीआधीच तारीख सांगा, आपल्या अजून चार भेटी आहेत म्हणून. शेवटच्या भेटीत, पुढच्या वर्षी तो कोणाकडे जाऊ शकतो त्याचं नाव त्याच्या हातात द्या, आणि जमलं तर त्या मुलाला किंवा मुलीला दहा मिनिटं बरोबर घेऊन या.